या, वन्सं

माझ्या वहिनीचं कौतुक ऐकायचं असेल तर दुसऱ्या कुणाकडे जा. मास्तरकडे जा, आमच्या आईकडे जा, नाहीतर समोरच्या बिल्डिंगच्या वॉचमनकडे जा. तासभर तरी सोडायचे नाहीत. मी सांगेन ते खरं सांगेन, आणि खरं हे आहे की ती ड्रमवर बसली की माझ्या पोटात दुखतं. आजही दुखतं.

आधी बँड कुणाचा ते सांगते, कारण हल्ली लोक विसरतात. बँड माझा आणि दादाचा. दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ. तो लिफ्ट दुरुस्त करतो आणि बेस गिटार वाजवतो. मी चष्म्याच्या दुकानात काउंटरला असते आणि गाते. शाळेत होतो तेव्हापासून एकाच खोलीत, एकच गिटार आलटूनपालटून वाजवत, एकमेकांच्या झिंज्या उपटत आम्ही मोठे झालो. गाण्याचे शब्द माझे, चाल त्याची. मी एखादी ओळ वाचून दाखवली की तो खिडकीबाहेर बघत मान हलवायचा, आणि त्या मान हलवण्यासाठी मी रात्रंदिवस ओळी जुळवत बसायचे. पुढे मास्तर आला. तो ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवतो, म्हणून मास्तर. लीड गिटार त्याची. ड्रमवर एक जण होता, त्याला बोटीवर नोकरी लागली. तो गेला आणि ड्रम आमच्याच घरात ठेवून गेला.

त्याच सुमारास दादाचं लग्न झालं आणि वहिनी आली. ती मोटारींच्या सीटांची कव्हरं शिवते. दुकानाच्या मागच्या खोलीत दिवसभर मशीनवर बसायचं, जाड रेक्झिन सुईखाली सरकवायचं, पायानं पेडल दाबायचं. ओठांत कायम टाचण्या. तोंडात टाचण्या असल्या की बोलता येत नाही, म्हणून घरी आली की दिवसभराचं साठलेलं सगळं बोलून टाकते. पहिल्याच दिवशी माझ्यासमोर हात जोडून उभी राहिली आणि म्हणाली, काय वन्सं, कशा आहात? आता सांगा, नणंदेला वन्सं कोण म्हणतं हल्ली? आमच्या वयात फार तर सहा महिन्यांचं अंतर. पण सगळे हसले, दादा तर पोट धरून हसला, मग मीही हसले. तेव्हापासून मी वन्सं ती वन्संच. मास्तरसुद्धा तेच म्हणायला लागला, त्याचा काय संबंध देव जाणे.

एका रविवारी ती ड्रमवरची धूळ पुसत होती. पुसता पुसता स्टुलावर बसली आणि तिच्या पायाला पेडल सापडलं. बस्स. मशीनवर वर्षानुवर्षं चाललेला पाय तो, तो काय ऐकतोय. धप्प, धप्प, न चुकता. हातांनी मग कुठे कुठे मारायचं ते ती हसत हसत शोधत बसली. दादा स्वयंपाकघरातून कप घेऊन येत होता, तो दारातच उभा राहिला. खिडकीबाहेर बघत त्यानं मान हलवली. ती मान माझी होती हो. मी म्हटलं, शिवणकाम वेगळं आणि हे वेगळं, निदान वर्षभर क्लास लावावा लागतो. कुणी लक्ष दिलं नाही. महिन्याभरात ती बँडमध्ये होती.

बरं, वाजवते तर गप्प वाजवावं ना? नाही. दिवसभर तोंड बंद असल्याचा सगळा सूड ड्रमवर. गाणं चालू असताना तिचं तोंड सारखं चालू. माझ्या प्रत्येक ओळीचा पहिला शब्द माझ्याआधी ही पुटपुटणार. तिला सांगून झालं, दादाला सांगून झालं. ती म्हणायची, सवय लागलीय, सुटत नाही. मी प्रेक्षकांकडे तोंड करून, डोळे मिटून गाते, ती माझ्या पाठीमागे. तिचं तोंड चाललेलं लोकांना दिसायचं, आणि त्यांना वाटायचं, काय रंगून जाते ही.

आमचं एक गाणं आहे, 'कितवा मजला'. एक बाई लिफ्टमध्ये चढते आणि कुठे उतरायचं तेच विसरते. शब्द माझेच. या गाण्याच्या मध्ये मास्तर एकटा वाजवतो, आणि तो किती वेळ वाजवेल हे त्यालाही ठाऊक नसतं. गाडी चालवताना चौकाच्या अर्धा मैल आधी सिग्नल देणारा माणूस, पण गिटार हातात आली की कुठे वळेल, कधी थांबेल, काही पत्ता नाही. त्यानंतर मला शेवटचं कडवं उचलायचं असतं. मी ते नेहमी बरोबर उचलायचे. याचं मात्र कुणी कधी कौतुक केलं नाही.

तर असे आम्ही चौघं गावोगाव कार्यक्रम करायला निघालो. गाडी ड्रायव्हिंग स्कूलची. टपावर 'शिकाऊ' अशी पाटी, ती काढायला मालकाची परवानगी नव्हती. मागून येणारी प्रत्येक गाडी लांबूनच हॉर्न मारत आम्हाला चुकवून जायची, आणि आतली माणसं मास्तरकडे दयेनं बघायची. पंधरा वर्षं लोकांना गाडी शिकवणारा माणूस, त्याचं तोंड बघवत नव्हतं. त्यात गाडी आचके द्यायला लागली. सरळ रस्ता, पुढे कुणी नाही, आणि मध्येच गचका. पुन्हा गचका. माझ्या मांडीवरचं सगळं सामान खाली. मास्तरनं गॅरेज गाठलं. मेकॅनिकनं बॉनेट उघडलं, प्लग काढले, खालून बघितलं, बाजूनं बघितलं, शेवटी त्यानं हात टेकले. गाडी ठणठणीत आहे म्हणाला.

शोध मी लावला. शिकवायच्या गाडीत मास्तरच्या शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक असतो, शिकणाऱ्यानं घोळ घातला तर दाबायला. त्या सीटवर वहिनी बसली होती, कारण मागे बसलं की तिला मळमळतं, आणि तिला मळमळतं म्हणून मी मागे ड्रमच्या पिशव्यांत. ती मनातल्या मनात गाणी म्हणत होती आणि तिचा पाय ब्रेकवर ताल धरत होता. मी पुढे वाकून बघितलं आणि अशी ओरडले की मास्तरनं खराच ब्रेक मारला. मला वाटलं, चला, आज हिला कुणीतरी बोलेल. कसलं काय. मास्तर हसून हसून स्टिअरिंगवर डोकं ठेवून बसला. दादाच्या डोळ्यांत पाणी. पुढचा सगळा प्रवास तिनं सीटवर मांडी घालून केला, आणि प्रत्येक गावात मास्तरनं तो किस्सा माइकवरून सांगितला. मी ब्रेक दाबला असता तर मला तिथेच उतरवून पुढे गेले असते, लिहून घ्या.

पहिल्या गावात आम्ही हॉलवर पोचलो तर आत मांजरांचं प्रदर्शन. आयोजकानं एकाच दिवशी दोघांना तारीख दिली होती. माणूस मोठा मिठ्ठास, म्हणाला, तुम्ही वाजवा हो, फक्त जरा हळू, मांजरं बिथरतात. आम्ही पिंजऱ्यांच्या मधोमध वाजवलं. पहिल्याच झांजेला एक पांढरं मांजर पिंजरा उघडून सुटलं आणि सरळ जाऊन बसलं कुठे, तर वहिनीच्या पायाशी. कार्यक्रम संपेपर्यंत हललं नाही. म्हणजे आता मांजरंसुद्धा.

त्याच्या पुढच्या गावात माझा माइक बंद पडला. मी पूर्ण जीव ओतून गात होते आणि आवाज माझ्या स्वतःच्याच कानांपर्यंत जेमतेम येत होता. कुणाच्या लक्षात आलं असेल? कुणाच्याच नाही. अख्खं गाणं झालं, टाळ्या पडल्या. कारण सगळ्यांचे डोळे मागे, वहिनीवर. कार्यक्रमानंतर एक जण मोबाइल घेऊन हसत हसत माझ्याकडे आला. मी केस नीट केले, ओढणी सारखी केली. त्यानं मोबाइल माझ्या हातात दिला आणि म्हणाला, ताई, माझा त्यांच्याबरोबर एक फोटो काढता का? मी काढला. फोटोत वहिनीचं डोकं आलं नाही. काय करणार, चष्म्याच्या दुकानात काम करत असले तरी माझीही नजर कधीकधी चुकते.

म्हणून रेकॉर्डिंगची तारीख ठरली तेव्हा मी मनाशी एक गोष्ट पक्की केली. स्टेज तिचं तर तिचं. तिथे हसू दिसतं, हात दिसतात, मांजर दिसतं. रेकॉर्डवर काही दिसत नाही. तिथे फक्त आवाज, आणि तो माझा असेल, माझ्या एकटीचा. निदान एका जागी तरी लोकांना कळायला हवं की हा बँड कुणाच्या तोंडून बोलतो. आणि दादानं ते ऐकून पुन्हा एकदा खिडकीबाहेर बघावं. एवढंच मला हवं होतं.

स्टुडिओ एका तळघरात होता, वर सुताराचं वर्कशॉप. रंधा चालू झाला की रेकॉर्डिंग थांबवायचं आणि वर जाऊन सुताराच्या विनवण्या करायच्या, हे काम मास्तरकडे. रेकॉर्डिंगवाला हडकुळा, कपाळावर कायम आठ्या. आधी ड्रम, बेस आणि गिटार एकदम घ्यायचं, नंतर त्यावर मी एकटीनं गायचं, अशी त्याची पद्धत. पहिल्या वेळी तिघांनी 'कितवा मजला' वाजवला, मी काचेच्या बाहेर बसून मनातल्या मनात म्हटला. झकास झाला. दादा, मास्तर, वहिनी खूश. रेकॉर्डिंगवाल्यानं मात्र कानावरचा हेडफोन घट्ट दाबला आणि विचारलं, हे कोण बोलतंय?

ड्रमभोवती लावलेल्या माइकांत वहिनीचा आवाज आला होता. पुटपुटणं, पण आलं होतं. ते वेगळं काढता येत नाही म्हणाला. ड्रम ठेवायचे तर हाही राहणार.

माझ्या डोळ्यांपुढे सगळं चित्र उभं राहिलं. माझ्या एकटीच्या जागेतसुद्धा ही घुसली होती. अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी म्हटलं, परत घ्या. वाजवताना तोंड बंद ठेवायला काय होतं? दादा म्हणाला, अगं, इतकं छान झालंय. मी म्हटलं, तुला छानच वाटणार, बायको आहे तुझी. वर सुतारानं नेमका तेव्हाच रंधा थांबवला.

वहिनीनं पर्स उघडून टाचण्यांची डबी काढली, चार-पाच टाचण्या ओठांत धरल्या आणि ड्रमवर जाऊन बसली. रेकॉर्डिंगवाला हात जोडायला लागला, अहो बाई, रक्तारक्ती होईल. तिनं मानेनंच सांगितलं, सवय आहे, चालू करा.

तिनं वाजवलं. एक ठोका इकडचा तिकडे नाही. हसू नाही, खांदे हलले नाहीत, दुकानात शिलाई मारते तशी सुरुवातीपासून शेवटापर्यंत सरळ शिलाई मारली. माइकांत ड्रमशिवाय टाचणीसुद्धा पडल्याचा आवाज नव्हता. मी म्हटलं, हे बघा, जमलं की नाही?

मग ते तिघं वर सुताराकडे जाऊन बसले आणि मी आत गेले. हेडफोन लावला, डोळे मिटले. पहिलं कडवं जरा मागे पडलं. घसा तापला नसेल म्हणून पुन्हा घेतलं. आता पुढे पळालं. मग मास्तरची एकट्याची गिटार आली, संपली, आणि मी तशीच उभी. शेवटचं कडवं माझ्या समोरून निघून गेलं आणि माझं तोंड उघडलंच नाही. रेकॉर्डिंगवाला म्हणाला, मोजा, आता हे दर वेळी सारखंच वाजणार आहे. मी मोजलं. मोजून चुकले. त्यानं हात वर करून खूण केली, तरी चुकले. स्वतः लिहिलेलं गाणं, आणि मला त्यात शिरता येईना. वरून रंध्याचा आवाज आला तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं.

रेकॉर्डिंगवाल्यानं मला बाहेर बोलावून पाण्याचा ग्लास दिला. मग काय वाटलं त्याला कोण जाणे, त्यानं आधीचं, टाचण्यांच्या आधीचं रेकॉर्डिंग लावलं आणि बाकी सगळं बंद करून फक्त ड्रमचे माइक चालू ठेवले. ऐका जरा, म्हणाला.

ड्रमच्या आत वहिनी होती. माझ्या प्रत्येक ओळीचा पहिला शब्द, माझ्या अर्धा श्वास आधी. मी बाहेर बसले होते, गात नव्हते, तरी ती म्हणत होती. मग मास्तरची गिटार सुरू झाली असणार, कारण ती म्हणाली, वा मास्तर. मग, बास मास्तर. मग जरा रागावून, मास्तर, पुरे आता. आणि मग एकदम आवाज खाली आणून, दारात उभ्या असलेल्या पाहुणीला आत बोलवावं तशी म्हणाली, "या, वन्सं."

मी ते पुन्हा लावायला सांगितलं. या, वन्सं. अजून एकदा. प्रत्येक गावात, प्रत्येक कार्यक्रमात, मांजरांतसुद्धा, ती मला अशीच बोलवत होती आणि मी बरोबर शिरत होते, आणि मला वाटत होतं मीच बरोबर शिरते. हातातला पाण्याचा ग्लास मी जरा जोरातच खाली ठेवला. राग होता, दुसरं काय. मी अख्खं गाणं शेवटपर्यंत कान देऊन ऐकलं. दादासाठी त्यात एक शब्दही नव्हता. नवरा असून एक शब्द नाही. हे मात्र मला फार बरं वाटलं, उगाच खोटं कशाला बोला.

मी आत जाऊन त्या जुन्या ड्रमवर गायले. एकदाच गायले. बाकीचे खाली आले तेव्हा मी सांगितलं की वेळ संपत आलाय, पहिलंच ठेवलंय. वहिनीनं माझ्याकडे बघितलं. मी पिशवीत काहीतरी शोधायला लागले. दादा भिंतीकडे बघत गाणं ऐकत होता, तळघराला खिडकी कुठली असणार. त्यानं मान हलवली. कुणासाठी हलवली ते मी विचारलं नाही.

गाणं बाहेर पडलं आणि बऱ्यापैकी चाललं. पण लोक काय हो, हेडफोन लावून कान फाडून ऐकतात. गिटारच्या मागे, ड्रमच्या खाली दडलेलं ते बरोबर हुडकून काढलं त्यांनी. मी लिहिलेलं एक कडवं कुणाला पाठ नाही, पण 'या, वन्सं' सगळ्यांना पाठ. दुकानात एक मुलगी डोळे तपासायला आली, खुर्चीवर बसली, मला ओळखलं आणि म्हणाली, या वन्सं. तिला मी सगळ्यात खालची, सगळ्यात बारीक ओळ वाचायला लावली.

त्यानंतरचा आमचा पहिला कार्यक्रम एका मोठ्या हॉलमध्ये होता, भर दुपारी. हॉल गच्च. 'कितवा मजला' सुरू झाला आणि माझ्या लक्षात आलं की मागून आवाज येत नाहीये. पहिला शब्द नाही, दुसरा नाही. कशीबशी दोन कडवी रेटली. नंतर कळलं, सगळीकडे आपलंच नाव होतंय म्हणून वहिनीला कानकोंडं झालं होतं. तिनं ठरवलं होतं की आजपासून तोंड मिटायचं, वन्संचं गाणं वन्संना द्यायचं. मला हवं होतं तेच तिनं केलं होतं.

मास्तर एकटा वाजवायला लागला. नेहमीसारखाच, ना सिग्नल ना काही. मध्येच अख्खा हॉल ओरडला, या, वन्सं. मास्तर अजून रंगात होता. थोड्या वेळानं पुन्हा ओरडले. एवढे लोक एका आवाजात मला बोलवत होते. मी त्यासाठीच तर गाते. आणि माझा पाय पुढे पडेना. मास्तर थांबला. ड्रम चालू, दादाचा बेस चालू, सगळे माझ्याकडे बघतायत, आणि शेवटचं कडवं समोरून चाललंय.

मी वळले. गाताना प्रेक्षकांकडे पाठ मी कधी केली नव्हती. वहिनी ओठ घट्ट मिटून वाजवत होती, तोंडात टाचण्या असल्यासारखी. माझ्या हातात माइक चालू होता हे मला माहीत होतं. तरी मी बोलले.

"वहिनी, म्हण ना."

तिनं माझ्याकडे नीट बघून घेतलं, मी चेष्टा तर करत नाही ना म्हणून. मग म्हणाली. हळूच म्हणाली, हॉलमध्ये कुणालाही ऐकू गेलं नसेल. मी शिरले, आणि ते कडवं पहिल्यांदाच डोळे उघडे ठेवून, तिच्याकडे तोंड करून गायले. गाणं संपलं तेव्हा लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. सगळे तिच्याकडेच बघत होते, मेले.